वन्सं, ते मासे कोणी रंगवले?

वन्सं, तुम्ही गेलात यावरही पहिल्यांदा माझा विश्वास बसला नाही. दुपारी चहा घेऊन आले तेव्हा तुम्ही भिंतीकडे तोंड करून निजला होतात. मला वाटलं, सोंग आहे. सकाळी आपलं माशांच्या टाकीच्या पंपावरून वाजलं होतं, आणि भांडण झालं की चहाच्या वेळेला झोपेचं सोंग घ्यायचं ही तुमची जुनी खोड. ‘चहा ठेवलाय, हवा तर घ्या,’ म्हणून मी आत गेले. भांडी घासून परत आले तर चहावर साय धरलेली. तेव्हाही आधी रागच आला. मग हात लावून बघितलं.

आता तेरावंही होऊन गेलं. लोक अजून येतायत. ओटीवर बसतात, पाणी पितात आणि म्हणतात, शालूताईंसारखं माणूस पुन्हा होणे नाही. मी मान डोलावते आणि प्रत्येकाच्या तोंडाकडे निरखून बघते, की हा खरंच हळहळतोय की माझ्यासमोर हळहळतोय. एक गृहस्थ डोळे पुसता पुसता म्हणाले, ती मोठी टाकी काढणार असाल तर आधी मला सांगा. तुमचा भाऊ मला म्हणतो, सुमन, निदान दुखवट्यात तरी माणसांवर शंका घेऊ नकोस. त्याला काय सांगू? माझा स्वभाव तुम्हाला पुरता ठाऊक होता, आणि तो तुम्ही तीस वर्षं सोसलात.

महिला मंडळाच्या बायकांनी तुमच्यावर चार चांगले शब्द लिहून मागितलेत. तुम्ही जवळच्या, तुम्हीच लिहा म्हणाल्या. मी कागद घेऊन बसले आणि पहिल्याच ओळीला अडले. चांगले शब्द लिहायच्या आधी मला तुमच्याशी एक भांडण संपवायचंय. त्या रंगीत माशांचं. त्या बाबतीत तुम्ही माझ्याशी खरं बोललात की खोटं, आणि खोटं बोलला असाल तर का, एवढंच मला हवंय. हे काही मंडळात वाचून दाखवता येणार नाही. तिथे मी दुसरं काहीतरी देईन.

मी दाभोळची. माझी आई बंदरावर मासळी घ्यायची आणि टोपली डोक्यावर घेऊन वरच्या गावांत विकायची. शिळ्या मासळीचे कल्ले लाल दिसावेत म्हणून लोक काय काय फासतात हे तिला पाठ होतं, कारण तिच्याबरोबरच्या बायका ते करायच्या. आपण कधी केलं नाही असं ती सांगायची, आणि मला त्याचीही खात्री नाही. लग्न होऊन रत्नागिरीला निघाले तेव्हा तिने मला एकच शिकवण दिली. ‘मासळी असो नायतर माणूस, कल्ले उघडून बघितल्याबिगर भरवसा ठेवायचा नाय.’

तुम्ही तेव्हा सरकारी दवाखान्यात नर्स होतात. तुमचे यजमान बोटीवर असायचे, ते लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी परमुलखात वारले होते, आणि तुम्ही माहेरी परत आला होतात. घरात नवऱ्याची मोठी बहीण कायमची राहते म्हटल्यावर माझ्या माहेरच्यांनी माझे कान भरून पाठवलं होतं. मीही तयारीनेच आले. साखरेच्या डब्यावर तुमची नजर असते, माझ्या माहेरची बोलणी तुम्ही भावाला पोचवता, माझ्या पोरांना माझ्याविरुद्ध शिकवता. एकेक शंका घ्यायची, पाळत ठेवायची आणि दरवेळी ती खोटी ठरायची. साखर सासूबाई लपून खायच्या. बातम्या शेजारीण पोचवायची. पोरं तर माझ्याविरुद्ध आपली आपणच शिकली. तुम्ही कधी सफाई दिली नाहीत. फक्त विचारायचात, ‘झालं का गो समाधान?’ आणि त्या विचारण्याचाच मला जास्त राग यायचा.

तुमचा हात हलका होता, हे मात्र मी पहिल्यापासून कबूल करत आले. वाडीत कोणी आजारी पडलं की डॉक्टर इंजेक्शन लिहून द्यायचा आणि माणूस ते घेऊन आपल्या ओटीवर यायचा. दवाखान्यात नको, शालूताईच देऊ देत. माझी दोन्ही पोरं तुमच्या मांडीवर पालथी पडून सुई घ्यायची आणि झाल्यावर विचारायची, आत्या, कधी देणार? त्यामुळे आपल्या घरात सुया, कापूस, स्पिरिटची बाटली हे मीठमिरचीसारखंच होतं. त्यांच्याकडे बघून कोणाला काही वाटायचं नाही. मलासुद्धा नाही.

तुम्ही निवृत्त झालात त्या वर्षी कोकण रेल्वे नुकतीच पुरी झाली होती. बाकीचे लोक निवृत्त झाले की नातवंडं सांभाळतात. तुम्ही पडवीला काचा लावून माशांचं दुकान काढलंत. यजमानांनी कुठल्याशा बंदरातल्या हॉटेलात भिंतभर काचेची टाकी बघितली होती आणि रजेवर आल्यावर हातवारे करून ती तुम्हाला दाखवली होती. तुमच्या संसारातली तुम्ही मला सांगितलेली ही एवढी एकच गोष्ट. मुंबईहून गाडीने थर्माकोलची खोकी यायची. आत हवा भरून फुगवलेल्या पिशव्या, पिशवीत मासे. तुम्ही पिशवी तशीच टाकीत तरंगत ठेवायचात, आतलं पाणी बाहेरच्या पाण्याइतकं गार होईपर्यंत, आणि तोवर कोणाला काचेला बोट लावू द्यायचा नाहीत. त्याच सुमाराला कोणी कोणी लोकांच्या डोक्यात भरवलं होतं की घरात मासे ठेवले की भरभराट होते. जन्मभर मासळी खाणारं गाव मासे पाळायला लागलं. तुम्हीही दिवसभर दुकानात माशांशी बोलायचात आणि जेवायला बांगडा मागायचात. मी टोचून बोलले की म्हणायचात, ‘हे पावणे, ते जेवण.’

दुकानाच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी ते मासे आले. बोटाच्या पेराएवढे, अंग काचेसारखं आरपार, आतला काटा बाहेरून दिसतोय, आणि पाठीवर नि पोटाच्या कडेने एकेक झगझगीत रेघ. कोणाला गुलाबी, कोणाला पोपटी, कोणाला पिवळी. पोरांनी लगेच त्यांना डिस्को मासे म्हणायला सुरुवात केली. पडवीत गर्दी झाली. मी हात पदराला पुसत आले, बघितलं आणि म्हणाले, ‘हे रंगवलेत.’

‘जातच तशी आहे, सुमन. परदेशी.’

‘जात असती तर पोरं आईच्या रंगाची झाली असती. इथे एका घरात तीन रंगांची भावंडं आहेत.’

गिऱ्हाइकं हसली. तुम्ही हसला नाहीत, आणि तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

त्या खोक्यातले निम्मेअधिक मासे दुसऱ्या दिवशीपर्यंत मेले. मेलेल्यांतला एक मी उचलला, मोरीवर नेला आणि नारळाच्या सोडणाने खसाखसा घासला. खवले गेले, रंग जाईना. तुम्ही दारात उभ्या राहून बघत होतात. म्हणालात, ‘घास अजून. साबण देऊ?’ मग मी त्याला विळीवर घेतला. रंग कातडीवर नव्हता, कातडीखाली होता. रेघ जिथे सुरू होत होती तिथे टाचणीच्या टोकाएवढी जखम होती, कडेने पांढरी पडलेली. कल्ले उघडले तर फिक्कट. आदल्या दिवशी जिवंत असलेल्या माशाचे कल्ले असे नसतात. मरायच्या आधी त्याने बरंच सोसलेलं असणार. मी तो केळीच्या पानावर ठेवून तुमच्यापुढे आणला आणि म्हणाले, सुईने रंग भरलाय, आणि सुईची जागा नर्सला ओळखता येत नाही हे मला खरं वाटत नाही.

तुम्ही पान उचलून फणसाच्या मुळात रिकामं केलंत आणि हात धुतलेत. त्या दिवशी तुम्हाला ठाऊक होतं, की माझ्याबरोबरच तुम्हालाही पहिल्यांदा कळलं, हे मला आजही सांगता येत नाही.

जगले वाचले ते तुम्ही आपल्या बैठकीतल्या टाकीत सोडले होतेत. पाऊस सरून दिवाळी आली तोवर त्यांच्या रेघा पुसट झाल्या, आणि मग गेल्याच. उरली नुसती काच. तेव्हा मी त्यांना ओळखलं. वाशिष्ठी नदीच्या वरच्या अंगाला भाताच्या खाचरांच्या कडेला पाणी साचतं, तिथे ही मासळी ढिगाने असायची. आमच्याकडे तिला कोणी धड नावसुद्धा दिलेलं नव्हतं. जाळ्यात आली तर कोंबड्यांपुढे टाकायची. मी तुम्हाला हाताला धरून टाकीपाशी नेलं आणि सांगितलं, वन्सं, ही परदेशी नव्हे, ही माझ्या माहेरची. हिला कुठेतरी नेऊन लाली-पावडर लावतात आणि परत आपल्यालाच दाखवतात.

तुम्ही खुर्ची ओढून टाकीपुढे बसलात. बराच वेळ बघत राहिलात. मग म्हणालात, ‘बरं. मुंबईचे रंगवलेले मासे मी पुन्हा आणणार नाही.’ इतक्या सहज तुम्ही कधीच हार मानायचा नाहीत. त्यामुळे त्या हार मानण्यावरच माझा संशय बसला.

आणि काही महिन्यांनी दुकानातल्या पुढच्या टाकीत पुन्हा रंगीत मासे. या वेळच्या रेघा बारीक होत्या, नीट ओढलेल्या, आणि मासे मरत नव्हते. मी विचारलं, हे कुठले. तुम्ही म्हणालात, दुसरे. दुसरे म्हणजे? ‘मुंबईचे ते बंद केले म्हणून सांगितलं ना तुला? मग झालं.’ झालं नव्हतं, वन्सं. खोकी तर मुंबईहूनच येत होती. ती तुम्ही आतल्या खोलीत नेऊन उघडायला लागला होतात. दुपारी त्या खोलीचं दार लावून घ्यायचात आणि मी विचारलं की म्हणायचात, नवे मासे बुजतात. दाभोळच्या बाईला मासे बुजतात म्हणून सांगायचं! मी अबोला धरला. तुम्हीही धरलात. तुमचा भाऊ जेवताना दोघींच्या मधे वर्तमानपत्र धरून बसायला लागला.

शेवटी मी देवीच्या देवळात गेले. विहीर कुठे खणावी, पोर कुठे द्यावी, घरातलं डोरलं कोणी उचललं, आपल्याकडे कोणती गोष्ट कौल लावून विचारत नाहीत? मग नणंदेचं खरं-खोटं का विचारू नये? गुरवाने पाषाणावर ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवीकडची पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. म्हणाला, ‘काय विचारायचा हाय ता नीट सांगा. आई इचारलेल्याचाच जाब देते.’ मी वाटभर घोकत आले होते तेच बोलले. माझी नणंद मुंबईहून रंगवलेले मासे अजून आणते काय? गुरवाने गाऱ्हाणं घातलं. किती तरी वेळ काहीच हललं नाही. मग डावीकडची कळी सुटली आणि खाली पडली. नाही. आणत नाही.

मी तिथेच खांबाला टेकून रडले. घरी येऊन घावने घातले, नारळाचा रस काढला, तुमच्यापुढे ताट ठेवलं आणि तुमच्या पाया पडले. लग्नानंतर सणावाराला पडायचे ते वेगळं. म्हणाले, कौल लावून आले, तुम्ही खरं बोलत होतात, आता जन्मात तुमच्यावर शंका घेणार नाही. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि तुमचा चेहरा उतरला. मी तो बघितला. मला वाटलं, तुम्हाला भरून आलंय. तुम्ही घावन्याला हात न लावता किती तरी वेळ तशाच बसून होतात.

त्यानंतरची आपली वर्षं चांगली गेली, हे मात्र मी कोणाच्याही तोंडावर सांगेन. बाजारात आपण दोघी मिळून जायला लागलो. मी कल्ले बघायचे आणि तुम्ही मासळीवालीच्या सुनेचं बाळंतपण विचारायचात. मालगुंडला माझ्या चुलत बहिणीकडे गेलो होतो तेव्हा तुम्ही लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून पाण्यात उभ्या राहिलात आणि यजमानांचं नाव घेतलंत, मोठ्याने. माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा माझी वेणी तुम्ही घालत होतात. मी वाण्याच्या काट्यावर शंका घेतली, दूधवाल्यावर घेतली, स्वतःच्या नवऱ्यावर घेतली. तुमच्यावर नाही. दुपारी तुम्ही आतल्या खोलीत गेलात की मी मुद्दाम विहिरीवर धुणं घेऊन जायचे, त्या दाराकडे नजरसुद्धा जायला नको म्हणून. माणसाला एक तरी जागा लागते जिथे पाठ टेकून डोळे मिटता येतात. माझी ती तुम्ही होतात.

मग तुमच्या तेराव्यानंतर मुंबईच्या व्यापाऱ्याचा फोन आला. आवाजावरून भला वाटला, म्हणून मी सावध झाले. बाईंचं ऐकून फार वाईट वाटलं म्हणाला. मग म्हणाला, दुकान पुढे कोणी चालवणार असेल तर कळवा, बाईंचं नेहमीचं पाठवत राहीन. मी विचारलं, नेहमीचं म्हणजे काय.

‘साधे काचेचे मासे आणि रंगाच्या बाटल्या.’

‘कसला रंग?’

‘सुईने भरायचा. तयार रंगवलेले बाई कधीच्या घेत नव्हत्या. तुमच्या माणसांचा हात जड आहे, मासे मारता तुम्ही, असं मला फोनवर इतकं बोलल्या होत्या की काय सांगू.’

मी रिसीव्हर ठेवला आणि आतल्या खोलीत गेले. दाराला कुलूप नव्हतं, नुसती कडी. फळीवर बाटल्या ओळीने मांडलेल्या, गुलाबी, पोपटी, पिवळी. बाजूला अगदी बारीक सुया, कापूस, तुमचा जवळचा चष्मा. आणि एका ताटलीत स्पंजचा तुकडा, त्यात बोटाच्या पेराएवढी खाच कापलेली. तिचा उपयोग मला कोणी सांगायला नको होता. ओल्या स्पंजात मासा आडवा ठेवला की तो तडफडत नाही आणि कोरडाही पडत नाही. काहीसुद्धा लपवलेलं नव्हतं, वन्सं. मी तुमच्यावर शंका घेणार नाही म्हणून शब्द दिला होता, त्याहून दुसरं कुलूप तुम्हाला लागलंच नाही.

देवीने मला फसवलं नाही. मी विचारलं, मुंबईहून रंगवलेले आणते काय, तिने सांगितलं, नाही. घरात कोण रंगवतं ते मी विचारलंच नव्हतं. तुमच्यावर घेतलेली एकेक शंका जन्मभर खोटी ठरत गेली आणि जी एक मी हात जोडून सोडून दिली ती खरी निघाली.

मी तुमच्या फोटोपुढचा दिवा मालवला. तुमच्या भावाने विचारलं तर तेल संपलंय म्हणाले. मला इतका राग आला होता की तुम्ही समोर असतात तर बरं झालं असतं. तुमचा हात हलका होता, मान्य. पण सुई ती सुईच. माझ्या पोरांना तुम्ही टोचलंत ते त्यांचा ताप उतरावा म्हणून. त्या मासळीला कसला ताप होता? तिला रंग नको होता, कोणाच्या बैठकीत मिरवायचं नव्हतं. गिऱ्हाइकाला हवा म्हणून तुम्ही तिला स्पंजात दाबून धरत होतात, आणि इतकं हळू करत होतात की तुम्हाला स्वतःलाही ते वाईट वाटू नये. हे मी तुम्हाला तोंडावर ऐकवलं असतं. आजही ऐकवते. तुम्ही चुकलात. मेलेल्या माणसाला असं बोलू नये म्हणतात, पण आपल्या दोघींत कधी काय न बोलण्यासारखं होतं?

काल दातांच्या डॉक्टरांची बायको भेटायला आली. त्यांच्या दवाखान्यात पेशंट बसतात तिथली टाकी तुम्हीच लावून दिलेली. तुमच्याविषयी बोलून झालं, डोळे पुसून झाले, आणि मग तिने हळूच विषय काढला. टाकीतल्या माशांचे रंग उतरलेत, आता नवे कुठून मिळणार? हिला काही कुणकुण लागलीय आणि ही माझ्या तोंडून काढून घ्यायला आलीय, हे एक मनात. तुमचं नाव राखायचं की खरं सांगायचं, हे दुसरं. सगळं गाव तुम्हाला देवमाणूस म्हणतंय, आणि माझ्या एका वाक्याने ते जाईल. पण मला तुमच्यासाठी खोटं बोलता येईना. एका घरात एकीने बोललं तेवढं पुरे झालं असं वाटलं. मी म्हणाले, ते मासे मुळात रंगीत नव्हतेच, माझी नणंद त्यांना घरात सुईने रंगवायची.

ती म्हणाली, ‘अहो, ते ठाऊक होतं आम्हाला.’

डॉक्टरांनी सुईची जागा पहिल्याच दिवशी ओळखली होती म्हणे. त्यांनी विचारलं आणि तुम्ही सरळ सांगितलंत. त्यांनाच नव्हे, दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचात. हा रंग मी भरलेला आहे, थोड्या महिन्यांत उतरेल, साधे हवेत तर साधे घ्या. साधे कोणी घ्यायचं नाही. रंग उतरलेले परत आणून दिले तर तुम्ही ते ठेवून घ्यायचात, पण एकदा सुई लागलेल्याला दुसऱ्यांदा लावायचा नाहीत. ते आपल्या विहिरीत सोडायचात. विहिरीतली ती आरपार मासळी मी रोज धुणं धुताना बघते. मला वाटायचं, ती पावसात ओहोळाच्या पाण्याबरोबर येते. माझ्या माहेरची मासळी आपल्या विहिरीत आली म्हणून मी मनात सुखावायचे.

मी विचारलं, सगळ्यांना ठाऊक होतं तर मला एकटीला कसं नाही कळलं? मी दुकानात पाऊल टाकलं की गिऱ्हाइकं गप्प व्हायची, हे मला तेव्हाच आठवलं. मला वाटायचं, माझ्या स्वभावाविषयी बोलत असतील. डॉक्टरांच्या बायकोने आधी उत्तर टाळलं. चहा झाला, उठली, पायरीवर चपला घालताना थांबली.

‘त्यांनी सगळ्यांना गळ घातली होती. म्हणाल्या, बाकी गावाला कळू दे, सुमनला कळू देऊ नका. तिने आत्ता कुठे माझ्यावर विश्वास ठेवलाय.’

ती गेल्यावर मी पायरीवरच बसले. म्हणजे सबंध गावाशी तुम्ही खरं बोललात आणि खोटं माझ्या एकटीशी. मी पाया पडले तेव्हा तुमचा चेहरा का उतरला ते आता कळलं. त्या ताटावरच तुम्ही सांगायला हवं होतं, आणि सांगितलं की मी दिलेलं परत घेईन, याची तुम्हाला भीती वाटली. वर्षानुवर्षं ज्या बाईच्या शंकांना तुम्ही ‘झालं का गो समाधान’ म्हणून हसत आलात, तिच्या विश्वासाला तुम्ही इतक्या घाबरलात.

मला सांगितलं असतंत तर मी भांडले असते, वन्सं. बाटल्या उकिरड्यावर नेऊन फोडल्या असत्या. चार दिवस तुमच्याशी बोलले नसते, तुमच्या ताटात घावना वाढला नसता. पण पाचव्या दिवशी वाढला असता. हे सगळ्या गावात फक्त तुम्हाला ठाऊक असायला हवं होतं. सगळे मलाच संशयी म्हणत आले, आणि भरवसा मात्र तुम्हाला माझा वाटला नाही.